‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’वरचे अभिप्राय कसे वाचावेत आणि आपला कसा लिहावा

देवगिरीच्या किल्ल्यावरची अंधारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना भुयारात शिरणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. खडकात कोरलेली ती वळणावळणाची वाट पहिल्यांदा चढताना पाय चाचपडतात, पण दुसऱ्या खेपेला पायरी कुठे येते आणि डोके कुठे वाकवायचे हे ठाऊक झालेले असते. ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ या मोबाइल गेममधली अंधारी मात्र दर खेपेला नव्याने कोरलेली असते. मेलात की जमवलेले सगळे गेले, पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात, आणि तो पहिला मजलाही कालचा राहिलेला नसतो. अशा गेमविषयी दुसऱ्या खेळाडूचे मत वाचून काही ठरवायचे असेल, तर ते मत वाचण्याची पद्धतही थोडी वेगळी ठेवावी लागते.

हे मला भाच्यामुळे सुचले. तो लातूरला वसतिगृहात राहून शिकतो आणि दिवाळीच्या सुट्टीत परभणीला आमच्याकडे येतो. गेल्या सुट्टीत त्याने हा गेम घेतला, दोन दिवसांत चार डाव हरला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना निकाल देऊन मोकळा झाला, “मामा, ह्याच्यात काई दम नाई, समदा नशिबाचा खेळ हाये.” मी एवढेच विचारले की चारही वेळा कितव्या मजल्यावर मेलास आणि कोणी मारले. त्याला एकाही डावाचे नीट सांगता आले नाही. कोणताही अभिप्राय वाचताना हाच प्रश्न मनात ठेवावा, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. मरण कुठे आले आणि कशाने आले हे ज्या अभिप्रायात नाही, त्याची किंमत अर्धी समजावी.

आधी गेम कोणता ते पाहावे

या प्रकारच्या गेमना ‘रोगलाइक’ म्हणतात. ते नाव १९८० साली आलेल्या ‘रोग’ या संगणकीय खेळावरून पडले आहे. त्यात भिंती, दारे आणि राक्षस ही सगळी टंकातली अक्षरे आणि चिन्हे वापरून काढलेली असत. ओलेग दोल्या या रचनाकाराने २०१२ मध्ये अँड्रॉइडसाठी ‘पिक्सेल डंजन’ काढला आणि पुढे त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. त्यावरून अनेकांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या, आणि त्यांपैकी इव्हान डेबेनहॅम यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली ‘शॅटर्ड’ ही आवृत्ती आज सर्वांत जास्त खेळली जाते. स्टोअरवर शोध घेतला की सारख्याच नावाचे आणि सारख्याच चित्रांचे पाच-सहा गेम समोर येतात, त्यामुळे एकावरचा राग दुसऱ्यावर निघालेला पुष्कळदा दिसतो.

अभिप्राय जुना आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ‘शॅटर्ड’मध्ये आता सहा प्रकारचे नायक आहेत. त्यांतली ड्युएलिस्ट २०२३ मध्ये आणि क्लेरिक २०२५ मध्ये आला. जो लिहिणारा केवळ वॉरियर, मेज, रोग आणि हंट्रेस या चौघांचीच तुलना करतो, त्याचे मत बहुधा जुन्या आवृत्तीवरचे असते, आणि या गेममध्ये दर मोठ्या अपडेटबरोबर शस्त्रांचे व शत्रूंचे बळ बदलत असल्यामुळे त्याचा सल्ला आज जसाच्या तसा लागू होईल असे नाही.

किमतीविषयीच्या मतांचेही तसेच आहे. अँड्रॉइडवर हा गेम फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत, तर आयफोनवर आणि संगणकावरच्या स्टीम या गेमच्या दुकानात तो विकत घ्यावा लागतो. फुकट मिळालेल्या वस्तूवर माणूस उदारपणे बोलतो, हे लक्षात घेऊन ताऱ्यांची संख्या वाचावी. इंटरनेटशिवाय चालतो ही स्तुती मात्र आपल्याकडे शब्दशः खरी ठरते. परभणीहून लातूरला जाताना रेंज गेली तरी डाव अडत नाही, आणि हा खेळ चालींचा असल्यामुळे तुम्ही पाऊल उचलल्याशिवाय समोरचा उंदीरही जागचा हलत नाही. एसटीत कंडक्टर आला तर ऐन लढाईत फोन खिशात टाकावा, तिकीट काढावे आणि मग सावकाश तलवार चालवावी.

मजल्यावरून मताची पारख

भुयार एकूण २६ मजल्यांचे आहे. दर पाच मजल्यांचा एक टप्पा असतो: आधी गटारे, मग तुरुंग, मग गुहा, त्यानंतर बुटक्यांचे नगर आणि शेवटी राक्षसांची दालने. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस एक बॉस, म्हणजे मोठा शत्रू, असतो आणि २६व्या मजल्यावर येंडोरचा ताईत ठेवलेला असतो. मत देणारा माणूस यांपैकी कुठवर पोहोचला होता हे कळले, की त्याची तक्रार कशाविषयी आहे ते आपोआप उलगडते.

पहिल्या चार मजल्यांवर मेलेल्याची तक्रार बहुतेक वेळा त्याच्या सवयींची असते. दुसऱ्या गेममधून आलेला खेळाडू दिसेल त्याच्यावर धावून जातो आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर खेकड्याच्या तावडीत सापडतो. हा खेकडा नायकाच्या दुप्पट वेगाने चालतो, त्यामुळे पळून जाणे शक्य नसते, आणि ‘खेकडा अन्यायकारक आहे’ असे मत तयार होते. ते मत खरे की खोटे हे तपासण्यासाठी पुढच्या डावात एवढेच करून पाहावे: खेकडा दिसताच जवळच्या दारातून पलीकडे जावे आणि दाराला लागूनच्या चौकोनात थांबावे. आपण चौकटीतून सरकलो की दार मिटते आणि त्याला आपण दिसेनासे होतो. तो दार ढकलून उंबऱ्यावर आला की त्या क्षणी केलेला वार बेसावध शत्रूवरचा धरला जातो आणि तो कधीही चुकत नाही. मी भाच्याला शेजारी बसवून हे तीनदा करून दाखवले. तिसऱ्या वेळी त्याने फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

पाचव्या मजल्यावरच्या बॉसचे नाव ‘गू’ आहे. या नावाला मराठी माणूस हसल्याशिवाय राहत नाही, आणि स्वारी गटारात राहत असल्यामुळे ते शोभतेही, असे म्हणणे भाग आहे. त्याच्याविषयीच्या तक्रारी फार आहेत, पण ‘हा मरतच नाही’ असे कोणी लिहिले असेल तर लढाई पाण्यात झाली होती असे खुशाल समजावे, कारण पाण्यात उभा असताना त्याची हेल्थ भरून येते. त्याला कोरड्या जमिनीवर ओढून आणावे, आणि तो फुगू लागला की पुढचा तडाखा जबर असतो हे ओळखून त्याच्या पल्ल्याबाहेर सरकावे.

तुरुंग आणि गुहा इथली मते अधिक उपयोगी असतात, कारण तिथवर येणाऱ्याला चालण्याची शिस्त लागलेली असते आणि त्याची तक्रार सामानाच्या निवडीवर येते. बुटक्यांच्या नगरापुढची मते नवख्याने वाचूच नयेत, कारण त्यांतले निम्मे शब्द कळत नाहीत आणि उरलेले निम्मे गेमची मजा आधीच फोडतात.

‘सगळे नशिबावर आहे’ या मताचे काय करावे

हे मत सर्वांत जास्त वेळा वाचायला मिळते, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. वेरूळच्या २१व्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. फासे काय पडतील हे तिथेही हातात नाही, पण पडलेल्या दानाला कोणती सोंगटी हलवायची हे खेळणाराच ठरवतो. आमच्या घरी आजी सारीपाट खेळायची तेव्हा हरणारा नेहमी दानाला शिव्या द्यायचा आणि जिंकणारा कधीही दानाचे आभार मानायचा नाही. गेमवरच्या अभिप्रायांतही हेच चालते.

या गेममध्ये नेमके काय नशिबावर आहे आणि काय नाही, हे माहीत असले की त्या मताची छाननी करता येते. कोणते शस्त्र, कोणती अंगठी, कोणती जादूची कांडी मिळेल ते नशिबावर असते. पण अपग्रेडचे स्क्रोल, म्हणजे वस्तूचे बळ वाढवणाऱ्या जादूच्या गुंडाळ्या, दर टप्प्यात तीन असतात, म्हणजे पाच टप्प्यांत १५, आणि ताकद वाढवणारे पोशन, म्हणजे जादूच्या द्रवाची कुपी, दर टप्प्यात दोन. ते सापडले नाहीत असे म्हणणाऱ्याने बहुधा एखादी खोली न पाहताच जिना उतरलेला असतो. अन्नसुद्धा तुम्ही किती खोल गेलात त्या मानाने ठेवलेले असते. पोट भरलेले असताना सुमारे ३०० चालींनी भूक लागल्याची सूचना येते आणि ४५० चालींनी उपासमार सुरू होते. तेव्हा ‘खायलाच मिळत नाही’ असे लिहिणारा एकाच मजल्यावर जखमा भरण्याची वाट पाहत बसला होता का, हे आधी विचारावे.

भाच्याच्या चौथ्या डावात नेमके हेच उघडे पडले. त्याला तिसऱ्याच मजल्यावर प्लेट आर्मर, म्हणजे गेममधले सर्वांत जड चिलखत, सापडले होते आणि आनंदाने त्याने ते लगेच चढवले. त्या चिलखताला १८ ताकद लागते आणि नायक सुरुवात करतो १० वर. दर टप्प्यात दोन या हिशेबाने १८ ची बेरीज २० मजले उतरल्यावर जमते. अपग्रेडने ही अट थोडी सैलावते हे खरे, पण तिसऱ्या मजल्यावर ते अंगावर घालणे म्हणजे पोराने आजोबांचा कोट घालून पळायच्या शर्यतीत उतरण्यासारखे आहे. पाय उचलेना, वार चुकवता येईना, आणि अखेर नोल नावाच्या साध्या शत्रूने त्याला लोळवले. नशिबाने त्याला गेममधले उत्तम चिलखत दिले होते, आणि त्याच डावावरून त्याने नशिबाला नावे ठेवली.

माझी स्वतःची कथा याहून बरी नाही. पोशनचे रंग दर डावात बदलतात, त्यामुळे कालची किरमिजी कुपी औषधाची होती म्हणून आजची तशीच असेल याची खात्री नसते. एकदा चौथ्या मजल्यावर मी उंच गवतात उभा राहून एक अनोळखी कुपी प्यालो. ती आगीची निघाली. गवताने पेट घेतला, मी ज्या बाजूला पळालो त्या बाजूलाही गवतच होते, आणि पंधरा चालींत डाव संपला. त्या रात्री मला कोणी मत विचारले असते तर मी एकच तारा दिला असता. सकाळी नकाशा आठवला तेव्हा ध्यानात आले की वीस पावलांवर पाण्याचे डबके होते. अनोळखी पोशन प्यायचेच असेल तर शत्रू जवळ नसताना, पाण्यात किंवा पाण्याशेजारी, आणि पळायला दार असेल अशा जागी प्यावे. शिवाय तो मजला पूर्ण पाहून झाल्याशिवाय पिऊ नये. एखादी खोली लाकडी अडसराने बंद असेल तर तो जाळायला लागणारी आगीची कुपी त्याच मजल्यावर ठेवलेली असते, आणि ती पिऊन टाकली तर तोंड भाजते आणि खोलीही हातची जाते.

चित्रे आणि नायक

चित्रांविषयीची मते लवकर आटोपता येतात. जाड ठिपक्यांची चित्रे ज्याला पहिल्या पाच मिनिटांत खटकली त्याला ती पुढेही खटकतील, आणि त्यात कोणाची चूक नाही. पाहण्यासारखी गोष्ट एकच, की लहान पडद्यावर पाणी, गवत, दार आणि सापळा वेगवेगळे ओळखू येतात का. माझ्या स्वस्तातल्या फोनवर ते येतात.

कोणता नायक चांगला, या वादात बाजू घेऊ नये. मत देणाऱ्याला कशी लढाई आवडते एवढेच त्यातून कळते. हंट्रेसच्या धनुष्याला बाण संपत नाहीत, म्हणून लांबून लढणाऱ्याला ती आवडते. रोगकडे अदृश्य करणारी शाल असते, म्हणून धीर धरणारा तो निवडतो. नवख्याने वॉरियरपासून सुरुवात करावी, कारण त्याच्या चिलखतावरची मोहर काही वार झेलते आणि शिकण्याला थोडी सवलत मिळते.

आपले मत लिहिताना

निदान दहा डाव होईपर्यंत काही लिहू नये. प्रत्येक डावानंतर वहीत नायक, मजला, मारणारा, मरताना पिशवीत न वापरलेले काय उरले होते आणि अपग्रेड कशावर खर्च केले, एवढे टिपावे. यांतला चौथा रकाना सर्वांत बोलका असतो. भरलेल्या पिशवीनिशी मेलेल्या माणसाने ‘काहीच मिळत नाही’ असे लिहिणे बरे दिसत नाही. पाचव्या रकान्यात सहा वेगवेगळ्या वस्तूंची नावे असतील तर पुढच्या डावात बहुतेक अपग्रेड एकाच वस्तूवर लावून पाहावेत आणि फरकही टिपावा. लिहिताना आवृत्तीचा क्रमांक द्यावा, एखादी खोली किंवा युक्ती फोडणार असाल तर आधी तसे सांगावे, आणि आपल्याला न जमलेल्या गोष्टीला ‘अशक्य’ म्हणू नये.

भाचा लातूरला परतला तो शंभर पानी वही घेऊन. परवा त्याने सातव्या डावाच्या पानाचा फोटो पाठवला. नायक वॉरियर, मजला पाचवा, मारणारा गू, पिशवीत उरलेले औषधाचे दोन पोशन, आणि खाली पेनाने दोनदा गिरवलेली ओळ, “पाण्यात उभा राहून भांडलो. मामाला सांगू नये.”