सर्दी-तापाच्या दिवसांत घर पुसताना होणाऱ्या या चुका टाळा

गेल्या जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, आमच्याकडे पाहुणे उतरले होते. अक्षता सोहळा झाला आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या भाच्याला ताप भरला. मग मोठा, मग माझे सासरे, मग मी. आठवड्यात चार माणसं अंथरुणावर. त्या आठवड्यात मी दिवसातून दोनदा फिनेल टाकून अख्खं घर पुसत होते, सकाळ-संध्याकाळ ऊद-कापूर जाळत होते. घराला दवाखान्यासारखा वास येत होता आणि तरी आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातच होता.

नंतर नीट माहिती करून घेतली तेव्हा कळलं, की कष्ट कमी पडले नव्हते, ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या क्रमाने होत होते. भारतात फ्लूची लाट साधारण दोनदा येते. एक जानेवारी ते मार्च आणि दुसरी पावसाळा सरता सरता. म्हणजे आपल्याकडे संक्रांतीला घर माणसांनी भरतं तेव्हाच पहिली लाट सुरू असते. त्याआधी हे वाचून ठेवा.

सगळा जोर फरशीवर लावणे

घर स्वच्छ करायचं म्हटलं की आपला हात आधी पोछ्याकडे जातो. पण फरशीला हात कोण लावतं? रांगणारं बाळ असेल तर गोष्ट वेगळी, एरवी फरशीवरून जंतू नाकातोंडापर्यंत फारसे पोचत नाहीत. पोचतात ते हाताने. दाराची कडी, विजेची बटणं, नळाची तोटी, फ्रिजचं हँडल, टीव्हीचा रिमोट, मोबाइल, पाण्याच्या पिंपाचं झाकण, जिन्याचा कठडा, गाडीची किल्ली. फ्लूचा विषाणू स्टील आणि प्लास्टिकसारख्या गुळगुळीत वस्तूंवर २४ ते ४८ तास तग धरू शकतो. कापडावर आणि कागदावर त्याचं आयुष्य कमी, साधारण ८ ते १२ तास.

घरात आजारी माणूस असेल तर या हात लागणाऱ्या जागा दिवसातून दोनदा पुसा. फरशी एकदा पुसली तरी चालेल. मी त्या आठवड्यात आठ खोल्या-जिने पुसले आणि पिंपावरच्या ओगराळ्याच्या दांड्याला एकदाही साबण लावला नाही. आजारी, बरे, सगळे त्याच दांड्याला हात लावून पाणी घेत होते.

हेही लक्षात असू द्या की फ्लू मुख्यतः पसरतो खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या थेंबांतून, एकाच खोलीतल्या हवेतून. पुसापुशी त्यातला एक भाग अडवते. खिडकी उघडी ठेवणं, आजाऱ्याने मास्क लावणं, हात साबणाने वीस सेकंद चोळून धुणं, यांची जागा पुसायचं कुठलंही जंतुनाशक औषध घेऊ शकत नाही.

मळावरच औषध फिरवणे

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी ती वर्षानुवर्षं केली. ब्लीच असो वा दुसरं जंतुनाशक, ते मळाशी झटण्यातच खर्ची पडतं. आपल्या स्वयंपाकघरात बघा. शेंगा चटणीची बरणी काढली, चटणी वाढली, त्याच हाताने फ्रिज उघडला. हँडलवर तेलाचा एक पातळ, डोळ्याला न दिसणारा थर बसतो. बोट फिरवलं की चिकट लागतं, त्यात धूळ रुतलेली असते. या थरावर तुम्ही कितीही औषधाचं पाणी फिरवा, ते वरून वाहून जातं.

म्हणून आधी साबण, मग औषध. साबणाने मळ सुटतो आणि त्याबरोबर बरेचसे जंतूही निघून जातात. शिवाय फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते आवरणच फोडतो. घरात कुणी आजारी नसेल तर रोजच्यासाठी साबणाचं पाणी पुरेसं आहे. औषध लागतं ते आजारी माणूस घरात असताना.

एक आपल्याकडची अडचण सांगते. बोअरचं पाणी जड असेल तर त्यात अंगाचा किंवा कपड्याचा वडीचा साबण फेसाळत नाही, उलट पांढरा चिकट साका वस्तूवर बसतो. अशा पाण्यात भांडी घासायचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर थोडीशी घ्या. ती जड पाण्यातही काम करते.

पुसलं की लगेच कोरडं करणे

औषधाला वेळ लागतो. जागा काही मिनिटं ओलीच राहायला हवी. बाटलीवर तो वेळ छापलेला असतो, पण आपण बाटलीचा फक्त वास घेतो. काही औषधांना दहा मिनिटं लागतात. ब्लीचच्या पाण्याला किमान एक मिनिट. मी पाच देते.

सोलापूरची थंडी कोरडी. वर पंखा चालू असला तर ओटा अर्ध्या मिनिटात सुकतो. म्हणून औषध लावताना पंखा बंद ठेवते, खिडकी उघडी ठेवते आणि फडकं इतकं ओलं घेते की कडीवर पाण्याचे थेंब दिसले पाहिजेत. वेळ झाला की जिथे अन्न ठेवतो किंवा मूल तोंड लावतं त्या वस्तू साध्या पाण्याने पुसून घ्यायच्या. विजेच्या बटणांवर मात्र असं ओलं फडकं अजिबात नको. तिथे मेन स्विच बंद करून, फडक्यावर थोडं सॅनिटायझर घेऊन पुसा. मोबाइललाही तेच. त्याच्यावर थेट फवारू नका.

अंदाजाने औषध ओतणे

"अगं, जरा जास्तच टाक, जंतू मरू देत." हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. जास्त टाकल्याने डोळे चुरचुरतात, स्टीलला गंज चढतो, रंगीत कापडाचा रंग जातो. आणि बादलीभर पाण्यात टोपणभर वासाचं औषध टाकलं तर नुसता वासच राहतो, काम होत नाही.

ब्लीचचं गणित सोपं आहे. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के लिहिलेलं असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली, म्हणजे चहाचे चार चमचे. ४ टक्के असेल तर २५ मिली. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर १ लिटरला चहाचा एक सपाट चमचा. प्लास्टिकच्या बादलीत ढवळायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी वापरायचं. पाणी गार हवं. गरम पाण्यात ब्लीचचा जोर उडून जातो. हे पाणी रोजचं रोज करायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाचं नाही. पावडरचा पुडा उघडा राहिला, दमट झाला, की तिचाही दम जातो. वर्षभर मोरीत उघडी पडलेली पावडर म्हणजे चुना समजा. हातात रबरी मोजे घाला.

दोन औषधं एकत्र करणे

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण हे माझ्या घरात घडलं.

बोअरच्या पाण्याने संडासाच्या भांड्यावर पांढरे-पिवळे क्षाराचे थर चढतात. ते काढायला आपण ॲसिड टाकून ठेवतो. त्या दिवशी मी ॲसिड टाकलं होतं. तेवढ्यात ब्लीचच्या पाण्याची बादली उरली. चार दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात वाढलेली बाई मी, पाणी फेकवत नाही. उरलेलं पाणी संडासातच ओतू म्हणजे फ्लश होईल, असा विचार केला आणि ओतलं. क्षणात एक उग्र, नाक कापणारी वाफ वर आली. डोळ्यांतून पाणी, घशात आग, खोकला थांबेना. जाऊबाई मागच्या दारातून ओरडल्या, "बाहेर या आधी! बादली राहू दे तिथंच!" त्यांनी मला ओढून अंगणात आणलं. दोन तास छाती जड होती.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. व्हिनेगर किंवा लिंबू ब्लीचमध्ये मिसळलं तरी तेच. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लिनरबरोबर दुसरा विषारी वायू तयार होतो. फिनेल आणि ब्लीचही एकत्र करू नका. एका वेळी एकच औषध, आणि दोघांच्या मध्ये भरपूर साधं पाणी.

चुकून झालंच तर आत थांबून निस्तरायला जाऊ नका, वरून आणखी काही ओतू नका. बाहेर मोकळ्या हवेत या, दार-खिडक्या उघडा, डोळे चुरचुरत असतील तर साध्या पाण्याने धुवा. श्वास लागत असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा. दम्याचा माणूस असेल तर ताबडतोब.

याच जोडीची दुसरी चूक म्हणजे सुटं ॲसिड, सुटं फिनेल, ब्लीच हे कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणं. पांढरं फिनेल ताकासारखं दिसतं. तहानलेलं लेकरू बाटली बघतं, आतलं बघत नाही. अशी बाटली घरात असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ती उचला आणि कुलपात टाका.

पाणी वाचवायला एकच फडकं, एकच बादली

पाणी जपून वापरणं आपल्या अंगात मुरलंय आणि ते योग्यच आहे. पण ओटा पुसलेलं फडकं त्याच बादलीत बुचकळून डायनिंग टेबल, मग आजाऱ्याच्या खोलीतला स्टूल, मग पुन्हा फ्रिज, असं केलं की आपणच जंतू घरभर वाटत फिरतो.

मी आता असं करते. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! जुना टॉवेल फाडून रुमालाएवढे दहा-बारा तुकडे केलेत. एक तुकडा घडी घालून चौपदरी केला की उलटसुलट मिळून आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू एका जागेला. सगळ्या बाजू संपल्या की तुकडा धुण्यात. तो पुन्हा बादलीत जात नाही, त्यामुळे बादली शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि अख्खं घर दोन-तीन लिटर पाण्यात पुसून होतं. सुरुवात बऱ्या माणसांच्या खोलीतून, आजाऱ्याची खोली शेवटी, मोरी-संडास सगळ्यात शेवटी. फडकी धुऊन उन्हात कडक वाळवायची. ओटीच्या कोपऱ्यात गोळा करून ठेवलेलं ओलं फडकं हे जंतूंचं माहेरघर.

कोरडा झाडू आणि धूर

थंडीत धूळ उडते म्हणून आपण अजून जोरात झाडतो. खोकणाऱ्या माणसाच्या खोलीत कोरडा झाडू मारू नका. आधी ओलं फडकं फिरवा किंवा हलका पाण्याचा शिपका द्या.

धुराबद्दल आमच्याकडे वाद झाला. सासूबाईंना जुना दमा. संध्याकाळी धुपाटणं त्यांच्याच हातात. मी म्हटलं, "आत्या, देवापुढे उदबत्ती लावा, पण खोलीत धूर नको. खिडकी उघडते मी." त्या म्हणाल्या, "अगं, थंडी येतीय की आत!" शेवटी दुपारी ऊन असताना दोन तास खिडक्या उघड्या ठेवायच्या, असं ठरलं. धुराने कडीवरचे, रिमोटवरचे विषाणू जात नाहीत. सुजलेल्या घशाला आणि दमेकऱ्याच्या छातीला त्रास मात्र होतो. हळद-मिठाचं पाणी, तुरटी, कडुलिंबाचा पाला फरशीला लावून फ्लूचा विषाणू मरतो, यावरही विसंबू नका.

सॅनिटायझर लावलं म्हणजे झालं

फ्लूवर ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचं सॅनिटायझर चालतं. पण साध्या सर्दीला बऱ्याचदा कारण असतो ऱ्हायनोव्हायरस, आणि त्याच्याभोवती ते चरबीचं आवरण नसतं. त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर प्रभाव कमी. तिथे साबणाने चोळून हात धुणंच खरं. नाक शिंकरल्यावर, जेवायच्या आधी, आजाऱ्याचं ताट उचलल्यावर. ताट-वाटी वेगळी काढून ठेवायची मात्र गरज नाही. साबणाने नीट घासलेलं भांडं कुणीही वापरावं.

चादर झटकणे

आजाऱ्याचं अंथरूण काढताना आपण सवयीने चादर फटकारतो. झटकू नका. गुंडाळी करून थेट धुण्यात टाका, मग हात धुवा. साधी धुण्याची पावडर पुरते, औषध लागत नाही, आणि बाकीच्यांच्या कपड्यांबरोबर धुतलं तरी चालतं.

आपली जाड सोलापुरी चादर रोज धुणं पाण्यालाही परवडत नाही आणि ती थंडीत लवकर वाळतही नाही. म्हणून आजाऱ्याच्या अंगाशी एक पातळ सुती धोतर किंवा जुनं लुगडं द्या आणि वरून चादर. पातळ कापड रोज धुवा. चादर दुपारभर गच्चीत उन्हाला टाका, आणि माणूस बरा झाला, नळाचा दिवस आला, की तेव्हा धुवा. उशीचा अभ्रा आणि तोंड पुसायचा नॅपकिन मात्र रोजच्या रोज बदला.

फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस आजार पसरवू शकतो, लहान मुलं त्याहून जास्त. तेवढे दिवस ब्लीचचं पाणी चालू ठेवा. घरातल्या शेवटच्या माणसाचा ताप उतरून चार-पाच दिवस झाले, की बाटली कुलपात जाते आणि मी पुन्हा साबणाच्या पाण्यावर येते.