विजेचा धडा : प्रयोगाआधी वर्ग तयार कसा करावा

आठवीला धाराविद्युत शिकवताना ‘मुलांना आवडच नाही हो’ ही तक्रार मला पटत नाही. बक्षिसं लावा, ‘परीक्षेला येणार’ म्हणून धाक घाला, जेमतेम एक तास निभतो. आपलं उत्तर खरं ठरतंय का, हे बघायचं असलं की शेवटच्या बाकावरचं पोरही उठून पुढे येतं.

साहित्य नेहमीचंच : दीड व्होल्टचे २ सेल, टॉर्चचे २.५ व्होल्टचे बल्ब, होल्डर, वायर.

आधी प्रत्येक गटाकडून एक बल्ब पेटवून घ्या. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकचा सज्जतेचा नियम (मूल तयार असेल, तरच शिकणं त्याला सुखाचं वाटतं) डी.एड.ला आपण सगळ्यांनीच घोकलाय. तो इथे पाळायचा. एक बल्ब पेटत नसेल तर दोन बल्बांचा प्रयोग त्या दिवशी करूच नका.

मग दोन बल्ब एकसर, म्हणजे एकाच वाटेत एकापुढे एक, जोडा, एक टोक सुटं ठेवा आणि विचारा, “कोणता जास्त उजळेल?”

खरी कसोटी इथे आहे. बरीच मुलं म्हणतात, पहिला वीज खाणार, दुसऱ्याला उरलेली मिळणार. हा अंदाज कारणासकट वहीत लिहून घ्या, तोही पेनाने. कित्येक वर्षं मी नुसते हात वर करायला सांगायचो. सगळे हुशार मुलाकडे बघायचे आणि त्याच्यामागून हात वर जायचे. उत्तर कुणाचंच नसायचं. लिहून होईपर्यंत ‘शाब्बास’ नको, ‘अरे, नीट विचार कर’ही नको. मुलं आपला चेहरा वाचतात.

आता टोक जोडा. दोन्ही बल्ब मंद, पण सारखेच. लगेच समजवायला धावू नका, त्यांना भांडू द्या. मग बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे अ‍ॅमीटर (प्रवाह मोजायचं यंत्र) लावून दाखवा : आकडा तोच. बल्बमध्ये ऊर्जा खर्च होते, प्रवाह तेवढाच राहतो.

दोन्ही बल्ब सारखेच उजळतात का, हे मात्र आदल्या दिवशी तपासाच. एकदा मी डब्यातले हाताला लागले ते घेतले आणि पहिलाच जास्त उजळला. “बघा सर, म्हटलं नव्हतं!” म्हणत वर्गाने टाळ्या पिटल्या. तो समज काढायला मला दोन तास लागले. तुमच्यावर ही वेळ आलीच, तर बल्बांची अदलाबदल करा आणि त्याआधी पुन्हा अंदाज लिहून घ्या. उजेड बल्बाबरोबर जागा बदलतो, म्हणजे फरक बल्बात आहे, जागेत नाही.