टर्बो स्नोमोबाइल अपग्रेडनंतर बिघडली? दोष असा शोधा

कॅनडातल्या कॅल्गरीत डिसेंबर उजाडला की बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलच्या, म्हणजे इथल्या बोलीत स्लेडच्या, मालकांकडून एक तक्रार हमखास कानावर येते: "नवी ट्यून टाकली, एक्झॉस्ट बदलला, मोठा इंटरकूलर बसवला आणि आता स्लेड आधीपेक्षा हळू पळते." (ट्यून म्हणजे इंजिनच्या संगणकातली, ईसीयूमधली, पेट्रोल आणि ठिणगीची मांडणी. इंटरकूलर म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारा भाग.) हजारो डॉलर घातलेले असतात, त्यामुळे माणूस एकदम टर्बोवरच संशय घेतो. टर्बो क्वचितच गेलेला असतो. बहुतेक वेळा आपण ज्याला हात लावला, दोष तिथेच किंवा त्याच्या वीतभर अंतरात सापडतो.

इथे मी उदाहरण घेतोय यामाहा साइडवाइंडरचं. २०१७ मॉडेलपासून आलेलं हे तीन सिलिंडरचं, ९९८ सीसीचं फोर-स्ट्रोक टर्बो इंजिन. आर्क्टिक कॅटच्या थंडरकॅटमध्येही हेच आहे. स्की-डूने २०२० मॉडेलपासून कारखान्यातूनच टर्बो लावलेली टू-स्ट्रोक स्लेड आणली. तिलाही पुढचं बरंचसं लागू पडतं, फक्त एक लक्षात ठेवा: टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन काही सेकंदांत चिकटतो. तिथे "अजून एकदा रेस करून बघू" हा प्रकार नको.

आधी कागद, मग पाना

काय काय बदललं ते क्रमाने लिहून काढा. त्याच्यापुढे लक्षण लिहा: किती आरपीएमला, गार इंजिनवर की गरम झाल्यावर, गावात की डोंगरावर. "पिकअप नाही" एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. "सात हजारांपर्यंत ठीक, पुढे मिसिंग" म्हटलं की निम्मं काम झालं. शक्य असेल तर गेजचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पळवताना आकडे वाचायच्या फंदात पडू नका.

ट्यून परत मूळची टाकता येत असेल तर टाकून बघा. लक्षण गेलं तर दोष ट्यूनमध्ये, किंवा जादा बूस्टवरच (बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेवर टर्बोने भरलेला दाब) उघडा पडणाऱ्या एखाद्या भागात. इंजेक्टर मोठे बसवले असतील तर मात्र हा प्रयोग करू नका. मूळची ट्यून लहान इंजेक्टरचा हिशेब धरते.

गेज खरं बोलतंय का

ही तपासणी फुकट आहे आणि बहुतेक जण ती करतच नाहीत. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा आणि प्रेशरचा आकडा बघा. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. कॅल्गरी साधारण १,०४५ मीटर उंचीवर आहे, तिथे तो १३च्या जरा खाली येतो. डिस्प्ले एकूण दाब दाखवणारा असेल तर १३च्या आसपास दिसायला हवं. फक्त बूस्ट दाखवणारा असेल तर शून्य. दोन्हींपैकी काहीच जुळत नसेल तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बघा.

याच हिशेबात आणखी एक गोम आहे. रेव्हलस्टोकजवळच्या डोंगरांत २,००० मीटरवर गेलात की हवेचा दाब साडेअकरावर येतो. गावात १० पौंड (म्हणजे पीएसआय) बूस्टवर जेवढी हवा इंजिनात जात होती तेवढीच वर हवी असेल, तर टर्बोला सुमारे साडेअकरा पौंड द्यावे लागतात. म्हणजे डोंगरावर बूस्टचा आकडा वाढला तर तो बिघाडच असेल असं नाही. उलट उणे २० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ १६ टक्के दाट असते. शरद ऋतूत गॅरेजबाहेर नीट चाललेली ट्यून जानेवारीत पेट्रोलला कमी पडते ती त्यामुळे.

हवा कुठून सुटतेय

अपग्रेडनंतरच्या बिघाडांत हा पहिल्या नंबरचा. इंटरकूलर, पाइप, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (रेस सोडल्यावर साठलेला दाब सोडणारा) यातलं काहीही काढून बसवलं की जोड वाढतात आणि प्रत्येक जोडावर एक होज क्लिप येते. हवा सुटली की बूस्ट कमी भरतो, टर्बो तो भरून काढायला जास्त फिरतो, हवा तापते.

गॅरेजात, शून्याच्या वरच्या तापमानात (बाहेर साबणाचं पाणी गोठतं), टर्बोच्या तोंडाला टोपी लावा आणि रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने ५ ते १० पौंड दाब द्या. त्याआधी ब्रीदरची (इंजिनच्या खालच्या पेटीतली, क्रँककेसमधली, हवा बाहेर सोडणारी) नळी बंद करा, नाहीतर दाब तिथून आत शिरून ऑइल सील बाहेर ढकलेल. मग स्प्रे बाटलीतून साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर मारा.

माझ्या स्लेडवर एकदा दोन तास गेले. वरून सगळ्या क्लिपा घट्ट. शेवटी इंटरकूलरच्या खालच्या जोडाशी, हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही अशा बाजूला, मोहरीएवढे बुडबुडे येत होते. होज काढली तर रबरावर क्लिपचा ठसा अर्धा होजवर, अर्धा तिच्या काठाबाहेर. क्लिप आवळली होती खरी, पण हवेत.

बूस्ट कमी नाही, उलट हाताबाहेर जातोय? मग वेस्टगेटकडे (दाब वाढला की एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेकडे) जाणारी बारीक नळी बघा. ती निसटली की दाब वाढल्याची खबर वेस्टगेटला लागतच नाही. अशा वेळी इंजिन लगेच बंद करा.

इंजिन की क्लच?

गाडीचं काम जाणणारी माणसंही इथे फसतात, कारण गाडीला स्नोमोबाइलसारखा बेल्टवाला क्लच नसतो. या क्लचमध्ये फिरताना बेल्ट आवळणारी वजनं असतात. ताकद वाढवली की जुन्या वजनांचा क्लच ती धरू शकत नाही, आरपीएम लिमिटरला (कमाल आरपीएमची मर्यादा) जाऊन आपटतो आणि स्लेड तोतरल्यासारखी चालते. मालक म्हणतो, मिसिंग आहे. हे मिसिंग नव्हे, क्लचची वजनं हलकी पडतायत.

उलट बाजू अशी: बूस्ट बरोबर, पेट्रोल बरोबर, पण आरपीएम ठरलेल्या आकड्याच्या खालीच अडतो. मग वजनं जड आहेत किंवा स्प्रिंग मऊ आहे. बूस्टही कमी आणि आरपीएमही कमी असेल तर क्लचला हात लावू नका, आधी हवेची गळती संपवा. एका वेळी एकच बदल, तोही थोडा.

एक धाव झाली की इंजिन बंद करा, टेदर (अंगाला बांधायची, इंजिन बंद करणारी दोरी) काढा, क्लचचं कव्हर उघडा. बेल्टवर काळी पावडर, जळक्या रबराचा वास आणि हात टेकवता न येणारा क्लच म्हणजे बेल्ट घसरतोय. कव्हर उघडं ठेवून इंजिन कधीही चालू करायचं नाही. फुटलेला बेल्ट हाड मोडतो.

पेट्रोल आणि ठिणगी

मिसिंग फक्त पूर्ण बूस्टवरच असेल तर सर्वात स्वस्त उपाय आधी: नवे प्लग, गॅप थोडा कमी. दाब वाढला की रुंद गॅपमधली ठिणगी विझते. गॅप ०.८ मिमी असेल तर ०.६-०.७ करून बघा.

वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) नसेल तर जादा बूस्टची ट्यून टाकूच नये, असं माझं मत आहे. पूर्ण रेसमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण १२च्या जवळपास किंवा थोडं खाली राहावं. आकडा वर सरकू लागला की रेस सोडा. कारणं शोधायची ती फिल्टर, पंप, इंजेक्टरची कमाल मर्यादा आणि टाकीतलं पाणी गोठून नळीत अडकलेला बर्फ.

ऑक्टेनच्या आकड्यावरून आपल्याकडच्या लोकांचा गोंधळ होतो. भारतातल्या पंपावर पूर्वी मिळणारं साधं ९१ आणि कॅनडातलं ९१ एक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. इथलं ९१ तिथल्या साधारण ९५-९६ला येतं, इथलं ८७ तिथल्या ९१च्या जवळ. ट्यून ९४ची आणि टाकीत ९१ असेल तर नॉकिंग (पेट्रोल आपोआप भडकून इंजिनात ठोके) होणार आणि ईसीयू ठिणगीची वेळ मागे खेचणार. विमानाचं शिसेवालं पेट्रोल मिसळलं तर ऑक्सिजन सेन्सरचा बळी जातो.

धूर आणि ताप

निळा धूर दिसला म्हणून टर्बो उतरवू नका. आधी ब्रीदर गोठलाय का आणि टर्बोची तेलाची परतीची नळी दबली आहे का ते बघा. तापमान चढत असेल तर कूलंट भरताना अडकलेली हवा काढा. घट्ट बर्फाच्या वाटेवर कूलरवर भुसभुशीत बर्फ उडत नाही, तेव्हा स्क्रॅचर (बर्फ खरवडून कूलरवर उडवणाऱ्या तारा) खाली सोडा. पावडर बर्फात इनटेकच्या जाळ्या बुजतात, त्या हाताने झाडा.

चाचणी

गॅरेजात दार उघडं ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ट्रॅक उचलून फिरवत असाल तर मागे कोणी उभं राहू नये. पहिली धाव ट्रकपासून हाकेच्या अंतरावर, सपाटीवर, आधी अर्ध्या रेसवर. उतारावर, हिमस्खलनाच्या भागात नवी ट्यून तपासायला जाऊ नका. चढाच्या मध्यात इंजिन बंद पडलं तर तिथे थांबणं हाच धोका असतो. तीन-चार धावा झाल्या की स्लेड पूर्ण गार होऊ द्या. तापून गार झालेलं रबर बसतं आणि क्लिपा सैल पडतात. त्या पुन्हा एक-एक करून आवळा, खालच्या बाजूला बोट फिरवून क्लिप होजच्या काठाच्या आत आहे ना ते चाचपा, आणि मगच स्लेड ट्रेलरवर चढवा.