'कशावरून?' विचारायला लागले आणि लेखन सुधारलं

बारावीपर्यंतच्या निबंधात सुविचार आणि भारदस्त विशेषणं चालायची. बी.ए.च्या पहिल्या वर्षी राजर्षी शाहूंवरच्या प्रकल्पाचा कच्चा मसुदा परत आला, तेव्हा मॅडमनी समासात एकच शब्द लिहिला होता: कशावरून?

वाक्य होतं, 'शाहू महाराज हे बहुजनांचे थोर उद्धारक होते.' कोल्हापुरात हे कुणाला पटवावं लागत नाही, म्हणूनच ते सिद्ध करायचं राहून जातं. मग करवीर नगर वाचन मंदिरात बसून पुस्तकं चाळली, पृष्ठ क्रमांकासह टिपणं काढली आणि वाक्य असं झालं: '२६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या, मात्र शिक्षणाशिवाय त्या भरणे अवघड होते, म्हणून वसतिगृहे आणि १९१७ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा या धोरणाचाच भाग ठरतो.' यात 'थोर' नाही, तरी महाराजांचं मोठेपण जास्त कळतं, असं मला मनापासून वाटतं. शिवाय 'म्हणून'पुढचं मत माझं आहे, त्यावर कुणीही वाद घालू शकतो.

आता प्रत्येक परिच्छेदात माहितीखाली निळी आणि माझ्या मताखाली लाल रेघ मारते. नुसतं निळं दिसलं तर ती उतरवलेली माहिती, नुसतं लाल असेल तर भाषण. संदर्भ मात्र लिहितानाच नोंदवा. शेवटच्या रात्री पान सापडत नाही.