ब्रेस्ट कॅन्सरचा धोका कमी करायचाय? मग या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे नको त्या गोष्टीचं टेन्शन घेणं. काळी ब्रा घालू नका, डिओ मारू नका असले मेसेज फिरत असतात आणि बायका घाबरून ते सगळं बंद करतात, पण ब्रा किंवा डिओमुळे ब्रेस्ट कॅन्सर होतो याला ठोस पुरावाच नाहीये. आणि वाईन मात्र चालूच, का तर म्हणे हार्टला चांगली! अहो, वाईन असो की बिअर, पोटात गेली की शरीर त्या अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतं, ते विषारी रसायन डीएनएला इजा करतं, वर इस्ट्रोजेन, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरला खतपाणी घालू शकणारं बायकांचं हॉर्मोन, तेही वाढतं. रोज एकच ड्रिंक घेणाऱ्या बाईचा धोकासुद्धा न पिणारीच्या तुलनेत साधारण ७ ते १० टक्क्यांनी जास्त असतो. पीत नसाल तर सुरू करू नका, पीत असाल तर जितकी कमी कराल तितकं चांगलं.

दुसरी चूक, पाळी गेल्यावर "आता या वयात वजन वाढणारच" म्हणून सोडून देणं. खरंतर तेव्हाच जास्त सांभाळायला हवं, कारण ओव्हरीज थांबल्या तरी चरबी इस्ट्रोजेन बनवत राहते, चरबी जास्त तर इस्ट्रोजेनही जास्त. क्रॅश डाएट नको, हळूहळूच उतरवा.

व्यायामात लोक रमतगमत फिरतात आणि झाला व्यायाम म्हणतात. आठवड्याला निदान १५० मिनिटं हवीत, तीही अशा स्पीडने की चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणायला दम पुरत नाहीये.

पाळी जाताना होणाऱ्या त्रासासाठी घेतात त्या हॉर्मोनच्या गोळ्यांनीही धोका वाढू शकतो, त्यामुळे मैत्रिणीला सूट झाल्या म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, चालू असतील तर किती वर्षं घ्यायच्या ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

"आमच्यात कोणाला नाही" हा भरवसाही नको, वारशाने येणारे कॅन्सर ५ ते १० टक्केच असतात. आणि हिस्ट्री सांगताना वडिलांकडची आत्या, आजी हमखास राहून जाते, तीही तितकीच महत्त्वाची.

या सवयींनी धोका कमी होतो, शून्य होत नाही, त्यामुळे कोणाला कॅन्सर झालाच तर "तू नीट राहिली नाहीस" असं चुकूनही बोलू नका प्लीज. आणि गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका, कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही. नवी गाठ, त्वचेला खळी पडणं, निपल आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं की लगेच डॉक्टरांना दाखवा, बहुतेक गाठी साध्याच निघतात पण ते तपासल्यावरच कळतं.