इस्राएल-पॅलेस्टाईन वादातील दाव्यांवर अभ्यासबैठक कशी घ्यावी

इस्राएल आणि पॅलेस्टाईन यांच्या वादावर सांगली-मिरज परिसरात व्याख्यान ठेवले, तर सभागृह भरते. मात्र चर्चा ठेवली, तर पहिल्या अर्ध्या तासातच दोन तट पडतात आणि उरलेला वेळ एकमेकांवर शिक्के मारण्यात जातो. एक जण म्हणतो की देवाने ही भूमी अब्राहामाच्या वंशाला दिली, त्यावर दुसरा संयुक्त राष्ट्रांचा ठराव पुढे करतो, तिसरा निर्वासितांच्या छावण्यांचे वर्णन करतो आणि तिघांनाही आपण समोरच्याला निरुत्तर केले असे वाटते. वस्तुतः कुणीच कुणाला उत्तर दिलेले नसते, कारण प्रत्येक दावा वेगळ्या जातीचा असतो आणि त्याची कसोटीही वेगळी असते. वाचनालयाच्या अभ्यासमंडळाला, महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा एखाद्या वाचनगटाला हा विषय नीट घ्यायचा असेल, तर आधी दावे वेगळे करावेत आणि मगच त्यांच्या खरेखोटेपणाकडे वळावे. पुढे दिलेली पद्धत याच क्रमाने जाते.

बैठक एका संध्याकाळी उरकू नये. आठवड्याच्या अंतराने दोन बैठका ठेवाव्यात. माणसे पंधरा-वीस असावीत. आपल्याकडील श्रोतृवर्ग या विषयाला अनुकूल आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याभोवतीचा मुस्लिम समाज आहे, मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलच्या परंपरेत वाढलेली ख्रिस्ती कुटुंबे आहेत, आणि दोन्ही शहरांत या प्रश्नाकडे भारतीय राजकारणाच्या चष्म्यातून पाहणारे हिंदू वाचक तर भरपूर आहेत. एकाच रंगाची माणसे जमवून घेतलेली बैठक शांत होते, पण तिच्यातून काही निष्पन्न होत नाही; म्हणून निमंत्रणे देतानाच ही सरमिसळ साधावी.

वाचायला सहा मजकूर पुरेत: बायबलमधील उत्पत्तीचा तेविसावा अध्याय, २ नोव्हेंबर १९१७ चे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचे पत्र, १४ मे १९४८ ची इस्राएलच्या स्थापनेची घोषणा, पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेची १९६८ ची सनद, हमासची १९८८ ची सनद आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला अल्जीर्समध्ये झालेली पॅलेस्टाईन राज्याची घोषणा. यांच्या प्रती आठवडाभर आधी वाटाव्यात. मोबाइलवर फिरणारे नकाशे आणि चित्रफिती बैठकीत आणू नयेत, असे निमंत्रणातच स्पष्ट लिहावे.

पहिल्या बैठकीच्या आरंभी प्रत्येकाला कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात आणि त्यांवर निदान दोन वाक्ये लिहायला सांगावे, एक ज्यूंच्या बाजूने आणि एक अरबांच्या बाजूने. वाक्याचा साचा ठरलेला असावा: ‘ही भूमी अमुकांची आहे, कारण…’ चिठ्ठीवर नाव घालू नये आणि ज्या चिठ्ठीत ‘कारण’ नाही ती परत करावी. हा नियम वरकरणी शाळकरी वाटतो, परंतु बैठकीचे निम्मे काम तोच करतो. त्याचा नमुना म्हणून बाल्फोर यांचे पत्र सर्वांसमोर वाचावे. ब्रिटिश सरकार पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांसाठी राष्ट्रीय निवासस्थान उभे राहण्यास अनुकूल आहे आणि तेथील ज्यूंखेरीज इतर समाजांच्या नागरी व धार्मिक हक्कांना किंवा इतर देशांतील ज्यूंच्या हक्कांना व राजकीय दर्जाला बाध येईल असे काहीही केले जाणार नाही, एवढेच त्यात आहे. हे निवासस्थान तेथेच का, याचे कारण पत्रात कोठेही दिलेले नाही; बायबलचा हवाला नाही, इतिहासाचा नाही, आणि ज्यांची तेथे बहुसंख्या होती त्या अरबांचा तर नावानिशी उल्लेखसुद्धा नाही. कारण अवतरते ते १९२२ मध्ये, पॅलेस्टाईनचा कारभार ब्रिटनकडे सोपवणाऱ्या राष्ट्रसंघाच्या मॅन्डेटच्या प्रस्तावनेत, आणि ते ‘ऐतिहासिक संबंध’ या शब्दांत. सत्ता हाती असणाऱ्याला कारण नंतर देता येते, हे या दोन कागदांतून श्रोत्यांना आपोआप दिसते.

चिठ्ठ्या गोळा झाल्या की त्यांचे चार गठ्ठे करावेत: धर्मग्रंथातील वचन आणि स्थळाचे पावित्र्य, पूर्वजांचा इतिहास, वहिवाट व खरेदी, आणि करार, ठराव व कायदा. पहिला गठ्ठा उघडपणे धार्मिक, शेवटचे दोन ऐहिक, आणि दुसरा मधला. कोणती चिठ्ठी कोठे जाते यावर वाद होऊ द्यावा. तो वेळेचा अपव्यय मुळीच नाही.

धार्मिक गठ्ठ्याबाबत बैठक चालवणाऱ्याने एक पथ्य पाळावे. श्रद्धा खरी की खोटी हे ठरवायला कुणी जमलेले नाही. तेथे विचारायचे प्रश्न असे: वचन कुणी कुणाला दिले, त्याला अट होती का, आणि त्याच धर्मातील कोणते लोक ते वेगळ्या रीतीने वाचतात. अटीचा प्रश्न फार फलदायी आहे. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहामाच्या वंशाला भूमीचे वचन आहे, पण बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञाभंग केल्यास देशोदेशी पांगवले जाण्याचा इशाराही आहे. कुराणातील अल-माइदा या सूरेत मूसा आपल्या लोकांना अल्लाहने त्यांच्यासाठी नेमलेल्या पवित्र भूमीत प्रवेश करायला सांगतात, तर अल-इस्रा या सूरेच्या पहिल्याच आयतीत पैगंबरांच्या अल-अक्सापर्यंतच्या रात्रीच्या प्रवासाचा उल्लेख आहे. म्हणजे एकाच ग्रंथातून दोन्ही बाजूंना आधार काढता येतो आणि तो काढला जातोही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की धार्मिक आणि ऐहिक यांमधली रेषा ज्यू आणि अरब यांच्यामधून जात नाही. ती दोन्ही समाजांच्या आतून जाते. बैठकीत एवढे जरी पोहोचले, तरी आयोजकाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन. १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे पहिली झायोनिस्ट (ज्यू राष्ट्रवादी) काँग्रेस भरवणारे थिओडोर हर्झल धार्मिक गृहस्थ नव्हते. युरोपातील ज्यूद्वेषावर राजकीय उपाय शोधताना त्यांनी अर्जेंटिनाचाही विचार केला होता, आणि १९०३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भूमीचा ब्रिटिश प्रस्ताव त्यांनी काँग्रेसपुढे ठेवला होता. उलट सात्मार या कर्मठ ज्यू पंथाचे रब्बी (धर्मगुरू) योएल टायटेलबाउम यांनी मसीहा येण्यापूर्वी ज्यूंनी आपल्या बळावर राज्य उभारणे हे पाप ठरवले. रब्बी अब्राहम कूक यांनी तिसरीच वाट काढली: धर्म न मानणारे झायोनिस्टसुद्धा नकळत ईश्वरी कार्यच करीत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १९६७ च्या युद्धानंतर त्यांच्या पुत्राच्या शिष्यांपैकी अनेक जण जिंकलेल्या प्रदेशात ज्यू वसाहती उभारण्याच्या चळवळीत उतरले आणि १९७४ मध्ये गुश एमुनीम ही संघटना उभी राहिली.

पॅलेस्टिनी बाजूलाही हेच चित्र आहे. १९६८ च्या सनदेचे विसावे कलम ज्यूंचा ऐतिहासिक व धार्मिक दावा फेटाळताना युक्तिवाद करते तो ऐहिक राष्ट्रवादाचा: ज्यू हा धर्म आहे, राष्ट्र नव्हे. हमासच्या १९८८ च्या सनदेचे अकरावे कलम मात्र पॅलेस्टाईनची भूमी ही कयामतपर्यंतच्या मुस्लिम पिढ्यांसाठी वक्फ असल्याचे सांगते, आणि वक्फ म्हटल्यावर तिचा तुकडाही कुणाला सोडता येत नाही. डाव्या विचारांच्या पॉप्युलर फ्रंट या पॅलेस्टिनी संघटनेचे संस्थापक जॉर्ज हबाश तर ख्रिस्ती कुटुंबातले होते. ‘मुस्लिम विरुद्ध ज्यू’ एवढ्या चौकटीत त्यांना बसवणार कोठे?

यानंतर दोन घोषणा शेजारी ठेवून वाचाव्यात, आणि येथे घाई करू नये. १९४८ च्या घोषणेत ईश्वराच्या वचनाचा दावा नाही; ज्यू लोकांचा जन्म या भूमीत झाला, त्यांनी जगाला ग्रंथांचा ग्रंथ दिला, युरोपात त्यांचा संहार झाला, आणि आता नैसर्गिक व ऐतिहासिक हक्काने तसेच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावाच्या बळावर राज्य स्थापन होत आहे, असा तिचा ओघ आहे. शेवटी मात्र ‘इस्राएलचा खडक’ या प्रतिमेवर भरवसा व्यक्त केला आहे. ज्याला तो ईश्वर वाटतो त्याला ईश्वर, ज्याला राष्ट्राची शक्ती वाटते त्याला शक्ती. धार्मिक आणि धर्म न मानणाऱ्या सदस्यांच्या ओढाताणीत काढलेली ही तडजोड होती. १९८८ ची घोषणा अल्लाहच्या नावाने सुरू होते आणि लगेच पॅलेस्टाईन ही तीन एकेश्वरवादी धर्मांची भूमी असल्याचे सांगते. पुढे ती आधार घेते तो लोकांच्या स्वयंनिर्णयाचा आणि, आपल्यावर अन्याय झाल्याचे नोंदवूनही, २९ नोव्हेंबर १९४७ च्या पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाचाच. दोन्ही कागद मुळात राजकीय आहेत आणि दोघांनाही धर्माचा धागा पूर्णपणे तोडणे परवडलेले नाही.

इतिहासाच्या गठ्ठ्यावर फार रेंगाळू नये. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे दुसरे मंदिर पाडले हे नास्तिकालाही मान्य करावे लागते, आणि सातव्या शतकापासून तेथे अरबी भाषेचा व इस्लामचा प्रभाव वाढत गेला हेही. परंतु ‘आधी कोण’ या शर्यतीला शेवटची रेघ नाही. एक जण दावीदपर्यंत गेला की दुसरा कनानी लोकांपर्यंत जातो.

खरेदी आणि वहिवाट यांचा गठ्ठा आपल्या भागातील श्रोत्यांना सर्वांत लवकर कळतो. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात पत्नी सारा हिच्या दफनासाठी अब्राहाम हेब्रोन येथे जागा मागतो, तेव्हा आपण येथे परके व उपरे आहोत असे तो आधीच सांगतो. एफ्रोन हेथी गावकऱ्यांसमक्ष जागा फुकट देऊ करतो. अब्राहाम ते न स्वीकारता चारशे शेकेल रुपे तोलून देतो आणि मकपेलाचे शेत, त्यातील गुहा व चतुःसीमेतील झाडे यांसह व्यवहार पक्का होतो. ज्याला भूमीचे वचन मिळाले होते, तोच येथे रोख मोजतो आहे. ही गुहा ज्यू आणि मुस्लिम या दोघांनाही पवित्र आहे. त्याच हेब्रोनमध्ये १९२९ च्या दंगलीत ६७ ज्यू मारले गेले, आणि १९९४ मध्ये त्या गुहेवरच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून ठार केले.

आधुनिक काळातली खरेदी अधिक गुंतागुंतीची आहे. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीने आणि इतर संस्थांनी रीतसर पैसे मोजून जमिनी घेतल्या. त्यांतील मोठे पट्टे, विशेषतः १९२० च्या दशकात यिज्रेलच्या खोऱ्यातले, बैरूतच्या सुरसोकसारख्या गैरहजर जमीनदारांकडून आले. कागद विकणाऱ्याच्या नावावर होता आणि पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारी कुळे मात्र व्यवहारात कोठेच नव्हती. मालक आणि कसणारा यांच्यातला हा फरक आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने घरोघरी पोहोचवला आहे. सांगली-साताऱ्याच्या श्रोत्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९४७ मध्ये ज्यूंच्या मालकीची जमीन एकूण क्षेत्राच्या सुमारे ७ टक्के होती आणि फाळणीच्या योजनेने ज्यू राज्याला निम्म्याहून अधिक प्रदेश दिला, हा आकडाही याच वेळी सांगावा. त्याचबरोबर १९४८ च्या सुमारास सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले, आणि पुढच्या वर्षांत अरब देशांतून लाखो ज्यूंना आपली घरे सोडावी लागली, हेही.

गांधी आणि सावरकर ही नावे बैठकीत निघणारच. ती टाळू नयेत, पण दुसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवावीत. गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये पॅलेस्टाईन अरबांचे आहे असे लिहिले आणि बायबलमधली भूमी हृदयात असते, नकाशावर नव्हे, अशी भूमिका घेतली. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राज्याचे स्वागत केले आणि फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या भारत सरकारला दोष दिला. दोघांच्या वाक्यांनाही ‘कारण’चा नियम लावावा. गांधीजींसारखा धर्मपरायण माणूस येथे ऐहिक निकष वापरतो आणि कर्मकांड न मानणारे सावरकर पितृभू-पुण्यभूच्या चौकटीतून पाहतात, हे दिसले की श्रोते आपापल्या पक्षाच्या पवित्र्यातून जरा बाहेर येतात.

मराठी माणसांशी या प्रश्नाचा एक थेट सांधाही आहे. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाची बरीच कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली. त्यांचे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे. विवाहाच्या वेळी तेथील धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली, त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याची भूमिका घेतली. मायदेशी परतलेल्याची ओळख कुणी ठरवायची, धर्मपीठाने की संसदेने, हा प्रश्न अलिबागहून गेलेल्या माणसांनाही चुकला नाही.

दुसऱ्या बैठकीच्या अखेरीस पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या पुन्हा वाटाव्यात आणि ज्याला आपल्या वाक्यातले ‘कारण’ बदलायचे असेल त्याला ते बदलू द्यावे. मतदान घेऊ नये. कायद्याच्या गठ्ठ्यातील २२ नोव्हेंबर १९६७ चा सुरक्षा समितीचा ठराव क्रमांक २४२ आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाची ९ जुलै २००४ व १९ जुलै २०२४ ची सल्लामते यांना स्वतंत्र संध्याकाळ लागते. मंडळी उठण्यापूर्वीच तिची तारीख ठरवावी आणि त्या बैठकीला दिवाणी कोर्टात काम करणारा एखादा वकील बोलवावा.