लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या समितीकडे करताना

छळ झालेली मुलगी आधी कुणाला तरी तोंडी सांगते. कधी जवळच्या मॅडमना, कधी रेक्टरना. ‘बघतो’ असं उत्तर मिळतं, नोंद कुठेच होत नाही, आणि मुदत मात्र संपत जाते. लेखी तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत अंतर्गत तक्रार समितीकडे पोचायला हवी. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून दिवस मोजतात. उशीर झालाच तर कारण अर्जातच लिहा. धमकी, आजारपण, इंटर्नल मार्क जाण्याची भीती, जे असेल ते. समितीला ते पटलं तर आणखी 3 महिने मिळू शकतात.

पुष्कळ ठिकाणी हिला अजून ‘विशाखा समिती’च म्हणतात. सदस्यांची नावं आधी बघून घ्या. 2015 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले 3 विद्यार्थीही. डीन, रजिस्ट्रार, विभागप्रमुख समितीत बसू शकत नाहीत. रचनाच चुकली असेल तर तसं लगेच लेखी कळवा, नाहीतर पुढे सगळी चौकशी त्याच मुद्द्यावर अडते.

अर्जात ‘सरांनी गैरवर्तन केलं’ एवढंच लिहिलं तर समितीच्या हाती काही लागत नाही. तारीख, अंदाजे वेळ, खोली, कोण कुठे उभं होतं आणि काय बोललं गेलं ते लिहा. शब्द घाणेरडे असले तरी जसेच्या तसे, ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत. लाजेपोटी सौम्य केलेलं वाक्य पुढे समोरच्याच्या कामी येतं. साक्षीदारांची नावं-पत्ते द्या. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेल्या नावाऐवजी नंबर आणि तारीख दिसू द्या.

तक्रारीच्या 6 प्रती द्यायच्या असतात, सातवी स्वतःजवळ. आवक टेबलावर उघडा अर्ज दिला तर संध्याकाळपर्यंत कॉलेजभर होतो. म्हणून पाकीट बंद करा, वर ‘गोपनीय, अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती’ लिहा आणि वेगळ्या साध्या पत्रावर पोच, म्हणजे शिक्का, तारीख, सही घ्या. क्लार्क घेत नसेल तर अध्यक्षांना ईमेल करा किंवा स्पीड पोस्टने पाठवा.

त्याच अर्जात अंतरिम, म्हणजे चौकशी चालू असतानाचं, संरक्षण मागा, हे हमखास राहून जातं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनी तुमचे पेपर तपासू नयेत, व्हायवा घेऊ नये, तुमच्यापासून लांब राहावं, तुमची बॅच बदलावी, असं समिती सुचवू शकते.

पुढचं वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवा. समोरच्याला प्रत 7 दिवसांत, त्याचं उत्तर 10 दिवसांत, चौकशी 90 दिवसांत, त्यानंतर 10 दिवसांत अहवाल, मग 30 दिवसांत कारवाई. समितीच्या शिफारशी मान्य नसतील तर अपील शिफारशींच्या तारखेपासून 30 दिवसांत. तारीख टळली की एका ओळीचा ईमेल करून विचारा. पण समितीने घाई करणंही तितकंच महागात पडतं. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात घाईघाईने झालेल्या चौकशीमुळे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बडतर्फीच रद्द केली.

‘मिटवून टाका’ असा दबाव येईल. समझोता फक्त तक्रारदाराने मागितला तरच होऊ शकतो, तोही पैशांवर नाही, आणि झाला की चौकशी थांबते. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पोलिसांत एफआयआर करायची असेल तर समितीच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. त्यासाठी मदत करणं कॉलेजचं काम आहे.

रॅगिंगसाठी मात्र 1800-180-5522 ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. जातीवरून छळ होत असेल तर कॉलेजच्या समान संधी कक्षाला लिहा आणि अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर थेट पोलिसांत जा.

मैत्रिणींनी एक सांभाळावं. चिडून इन्स्टावर किंवा वर्गाच्या ग्रुपवर नावं टाकू नका, कारण तक्रारदाराची, समोरच्याची आणि साक्षीदारांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. त्याऐवजी जबाबाच्या दिवशी तिच्यासोबत जा, बाहेर बाकावर बसून राहा.